इंग्रज नसलेले फुवा

आमचे फुवा अहिराणीतलं पहिलं वाक्य शिकले ते "मी इंग्रज नही शे." पाणी मागण्याआधी, भाव विचारण्याआधी हे एक वाक्य त्यांनी फुईकडून घोकून घेतलं होतं. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. आमची फुई नर्स म्हणून आयर्लंडला गेली, तिथल्या इस्पितळात रुग्णवाहिका चालवणाऱ्या माणसाशी तिनं लग्न केलं, आणि निवृत्तीनंतर दोघं दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी येऊन राहिली. उंच, तांबूस गोरा, भुवयासुद्धा पांढऱ्या असा माणूस बाजारात दिसला की पोरंसोरं "इंग्रज, इंग्रज" करत मागे लागायची. फुवा थांबायचे, वळायचे आणि शांतपणे आपलं वाक्य म्हणायचे. मिरचीवाल्या बाईलाही म्हणायचे आणि एसटीच्या कंडक्टरलाही.

त्यांचं खरं नाव डोनल. गावानं आठवडाभरात त्याचं दौलत केलं. ते त्यांना इतकं आवडलं की फोनवर आपल्या बहिणीलाही त्यांनी सांगून टाकलं, आता मला दौलत म्हण. ही बहीण चाळीस वर्षं इंग्लंडमध्ये राहत होती, तिचा नवरा इंग्रज, मुलं इंग्रज. फुवा त्या सगळ्यांवर जीव टाकायचे. शनिवारी संध्याकाळी एका इंग्रज फुटबॉल क्लबचा सामना बघताना त्यांना हाक मारायची सोय नव्हती. आणि क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसताना इंग्लंडची विकेट पडली की ते गल्लीत येऊन सर्वांना बातमी द्यायचे. मी एकदा म्हटलं, "फुवा, हे कसं काय?" ते म्हणाले, "माझं भांडण त्यांच्या राज्याशी आहे. माणसांशी कशाला? आमच्या घरात अर्धी तीच आहेत."

पारावर कुणी म्हातारा "इंग्रजाच्या काळात शिस्त होती, त्यांचे पूल बघा अजून उभे आहेत" असं म्हणाला, की फुवा चहाचा कप खाली ठेवायचे. मग त्यांच्या देशात बटाट्याचं पीक सडलं तेव्हा माणसं उपाशी मरत होती आणि बंदरातून धान्याची जहाजं इंग्लंडला जात होती, ते सगळं यायचं. "आमच्याकडून धान्य गेलं, तुमच्याकडून कापूस गेला. पूल कशासाठी बांधला ते कापसाला विचार," असं ते मोडक्यातोडक्या अहिराणीत सांगायचे. म्हातारे मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुलाचं कौतुक करायचे. फुवांनाही बहुधा तेच हवं असे.

त्यांचे जिवलग दोस्त म्हणजे रशीदचाचा पिंजारी. गाद्या भरण्याचं त्यांचं दुकान आमच्या घरासमोरच. तिसऱ्या प्रहरी असरची नमाज झाली की चाचा आमच्या ओट्यावर यायचे. फुई दोघांना चहा द्यायची आणि कामाला लागायची. दोघांच्या दोन भाषा आणि मधे तोडकी अहिराणी, तरी दिवेलागणीपर्यंत बोलणं संपायचं नाही.

हे सगळं अडलं ते चावडीच्या भिंतीतल्या दगडावर. पहिल्या महायुद्धात या गावातून इतके शिपाई राजासाठी लढायला गेले, इतक्यांनी प्राण दिले, असा तो इंग्रजी अक्षरांचा दगड. आकडे आहेत, नाव एकही नाही. लहानपणी आम्ही त्याला टेकून लपाछपीचं राज्य घ्यायचो. ते युद्ध संपल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा पंचायतीनं तिथं मानवंदनेचा कार्यक्रम ठरवला. शाळेत मुलांनी लाल कागदाची खसखशीची फुलं केली, कारण विलायतेत अशा दिवशी हीच फुलं छातीला लावतात असं मुख्याध्यापकांनी वाचलं होतं. आणि पुष्पचक्र वाहायला गावात आयता गोरा पाहुणा होताच.

सरपंच नारळ घेऊन घरी आले. फुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. सरपंचांना वाटलं, पाहुणे संकोच करताहेत. मग फुवांनी समजावलं, की ज्या फौजेच्या आठवणीत हे फूल लावतात त्याच फौजेनं आमच्या लोकांवर गोळ्या घातल्या. आमच्याकडे पुष्कळ लोक हे फूल लावत नाहीत. तरुणपणी आमच्या शहरात असा कार्यक्रम झाला तेव्हा मी समोर फलक धरून उभा होतो. "इथेही उभा राहीन," असं त्यांनी सरपंचांना अगदी नम्रपणे सांगितलं.

त्यांनी फलक माझ्याकडून लिहून घेतला. मी धुळ्याच्या शाळेत मराठी शिकवते, अक्षर बरं आहे. पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोनच शब्द होते: "राजासाठी नाही."

संध्याकाळी रशीदचाचा आले ते ओट्यावर बसले नाहीत. दगडावरच्या आकड्यातल्या, परत न आलेल्या शिपायांत त्यांचे आजोबा होते. इराकातल्या बसऱ्याकडे गेले, पुढे काही कळलं नाही. कार्यक्रम व्हावा म्हणून पंचायतीकडे खेटे घातले होते ते चाचांनीच, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"तुन्हा राजाकरता नही, दौलत. मन्हा आजाकरता शे," चाचा उभ्यानंच म्हणाले. "त्यानी कबर कोठे शे ते आमले माहीत नही. एक दगड शे, त्यावर बी नाव नही. तू त्यासमोर पाटी धरशी?"

फुवा म्हणाले, "पाटी आजाविरुद्ध नाही."

"मी आजाना नातू शे. माले कशी दिसी ती पाटी?"

त्यानंतर चाचा चार-पाच दिवस आले नाहीत. दुकानातून ओटा दिसायचा आणि ओट्यावरून दुकान. फुवा एकटे बसून चहा गार करायचे. अखेर फुई त्यांच्याशी बोलली. मी आतल्या खोलीत होते, मलाही कळावं म्हणून ती मुद्दामच मराठीत बोलली असावी. "मागे तापात तुम्ही टॉमचं नाव घेत होतात," ती म्हणाली. "मी कधी विचारलं नाही. पण रशीदभाईंना त्यांच्या माणसाचं नाव तरी घेता येतं. तुमच्या घरात तेवढंही नाही." फुवा उठून मिरचीच्या वाफ्यांना पाणी घालायला गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी ते ठरल्याप्रमाणे आले. चावडीसमोर रस्त्यापलीकडच्या निंबाखाली पुठ्ठा छातीशी धरून उभे राहिले. बंदोबस्ताचा हवालदार गोंधळला. त्यानं सरपंचांकडे पाहिलं, सरपंचांनी चाचांकडे. चाचा म्हणाले, "राहू द्या. कोनाले तरास नही."

पुष्पचक्र एका निवृत्त सुभेदारांनी वाहिलं. भाषणं झाली. मग चाचांनी माईक मागून घेतला आणि एवढंच म्हणाले, "हुसेन पिंजारी. मन्हा आजा." आणि माईक शेजारी दिला. हे काही कुणी ठरवलं नव्हतं. शेजारी भिलाटीतली एक म्हातारी होती, तिनं आपल्या सासऱ्याच्या भावाचं नाव घेतलं. पाटलांच्या घरचं एक नाव आलं. एकाला नाव आठवेना, तो नुसता "आमना एक जन" म्हणाला आणि रडला.

माईक फिरून परत चाचांकडे आला. वायर संपत होती तिथपर्यंत ते आले, माईक खुर्चीवर ठेवला आणि रस्ता ओलांडून निंबाखाली गेले. मी जवळच होते.

"तुन्हाबी कोनी व्हता ना, दौलत?"

फुवांनी छातीशी धरलेला पुठ्ठा खाली केला. मग म्हणाले, "मन्हा आजाना धाकला भाऊ. टॉम."

"काय झायं त्याले?"

टॉम पगारासाठी इंग्रजांच्या फौजेत गेला आणि याच युद्धात मेला. थोरला, म्हणजे फुवांचे आजोबा, त्याच सुमारास इंग्रजांविरुद्ध बंदूक घेऊन डोंगरात होते. थोरला पुढे गावचा वीर ठरला. धाकट्याचा फोटो पेटीत गेला. "आमना घरमा त्यानं नाव कोनी लिधं नही," फुवा म्हणाले. "मीबी नही."

चाचांनी त्यांच्या हातातला पुठ्ठा घेतला, पण फेकला नाही. स्वतःच्या काखेत धरला आणि फुवांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून आणलं. फुवांनी माईकवर टॉमचं पूर्ण नाव सांगितलं, आपल्या गावाचं नाव सांगितलं. फुलाला हात लावला नाही, दगडाला नमस्कार केला नाही. लोकांनी हुसेन पिंजाऱ्यासाठी जसे हात जोडले होते तसेच टॉमसाठीही जोडले. सगळा वेळ "राजासाठी नाही" हा फलक रशीदचाचांच्या काखेत होता, आणि फोटोतही तो तसाच आला आहे.

पुढच्या उन्हाळ्यात फुवांनी आयर्लंडला जायचं काढलं. तब्येत बरी नव्हती, पण जुन्या घरात राहणाऱ्या आपल्या थोरल्या भावाला भेटायचं होतं, आणि पेटीतला फोटो काढून आजोबांच्या शेजारी लावायचा होता. "भाऊ हाकलून देईल," असं म्हणत, मोठ्या उमेदीनं ते गेले. हिवाळ्यात तिथेच वारले. फुई एकटी परत आली.

ती आली त्या संध्याकाळी चाचा ओट्यावर येऊन बसले. फुईनं चहा केला. चाचांनी आधी दुवा केली, मग विचारलं, "भाऊनी फोटो लावू दिधा का?"

"पहिल्या दिवशी भाऊ घरातून निघूनच गेले," फुई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी आले, पेपर उघडून बसले. तिसऱ्या दिवशी यांनी भिंतीवर खिळा ठोकायला घेतला तर जमेना. तेव्हा भाऊ उठले. हातोडी काढून घेतली आणि म्हणाले, सरक, तो वाकडा लावशील."