आत आल्याची वेळ

खेळातला साहेब पहिल्यांदा पाहिला तेव्हा बोरूला हसू आलं. गप्प बसला असता तर पुढचं काही घडलं नसतं; पण आयुष्यभर गप्प बसलेल्या माणसाला नेमकं नको तिथे तोंड फुटतं.

बोरू म्हणजे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीच्या फाटकावरचा रखवालदार. त्याआधी एकतीस वर्षं पोलीस ठाण्यात लेखनिक हवालदार. अंगाने काटकुळा, ताठ, आणि अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, म्हणून ठाण्यातल्या लोकांनी त्याचं नाव बोरू पाडलं, आणि पुढे बायकोही चिडली की त्याच नावाने हाक मारू लागली. बाकीचे आरोपींच्या मागे पळायचे, हा टेबलापाशी बसून लिहायचा. कोणाला आणलं, किती वाजता, अंगावर कपडे कोणते, खिशात काय, जखम आहे की नाही. एकतीस वर्षांत त्याने कोणावर हात उगारला नव्हता, आणि ही गोष्ट तो लोकांना जरा जास्तच वेळा सांगायचा.

फाटकावरही काम तेच होतं. नोंदवहीत सहा रकाने: नाव, कुठून, कोणाकडे, कशासाठी, आत, बाहेर. दुसरे रखवालदार वही पाहुण्यापुढे सरकवतात आणि पाहुणा काहीतरी खरडून मोकळा होतो. बोरूला ते खपायचं नाही. वही त्याच्या हातात, पेन त्याचं, वेळ केबिनच्या भिंतीवरच्या घड्याळातली. अकरा वाजून सात मिनिटं म्हणजे सातच, पाच नाही की दहा नाही.

कंपनीचा नवा खेळ एका भ्रष्ट पोलीस अधिकाऱ्याचा होता. खेळणाऱ्याने एका बेपत्ता कामगाराची बहीण व्हायचं, ठाण्यात शिरायचं, कागद शोधायचे आणि शेवटी साहेबाला गाठून मारायचं. ही गोष्ट लिहिणारी मुलगी, जाड चष्म्याची, दुपारचा डबा बोरूच्या केबिनमध्ये खायची. आत सगळे कानात यंत्रं घालून जेवतात, मला भिंतींशी बोलल्यासारखं वाटतं, म्हणायची. तिने एकदा त्याला साहेबाचं चित्र दाखवलं. सोन्याचा दात, गालावर वार, दोन हातांत दोन पिस्तुलं, आणि हसणं असं की खिडक्या हादराव्यात.

"असा कुणी नसतो गं," बोरू हसत म्हणाला.

"मग कसा असतो, काका?"

"आवाज चढवत नाही. सफरचंद कापून खातो, एक फोड आपल्यालाही देतो. मुलीचे पेपर कसे गेले विचारतो. आणि मग म्हणतो, ते एक पान जरा बदलायचंय."

मुलीने चमचा खाली ठेवला आणि लिहायला घेतलं.

पुढचा महिना बोरूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकतीस वर्षांत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं. आता रोज एक प्रश्न. कोठडीच्या किल्ल्या कुठे टांगतात? साहेब आला की कोण उभं राहतं? मार दिसू नये म्हणून काय करतात? याचंही उत्तर त्याने दिलं, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं, आणि मुलगी दोन घास ठेवून उठली, तेही त्याच्या लक्षात आलं नाही. खेळातल्या साहेबाचा सोन्याचा दात गेला, गालावरचा वार गेला, हातात सफरचंद आणि सुरी आली. बाहेरच्या टेबलापाशी एक काटकुळा लेखनिकही येऊन बसला. त्याच्याजवळ जाऊन कितीही बटणं दाबा, मान वर करायची नाही, एकच वाक्य बोलायचं, "साहेब आत आहेत."

"हा तर मीच," बोरू म्हणाला. त्याला खरोखर आनंद झाला होता.

मग एक दिवस मुलगी कोरा कागद घेऊन आली. साहेबाच्या खणात एक फाडलेलं पान सापडतं, ते हवं होतं. माणसाला ठाण्यात आणल्याची नोंद, अगदी खरी वाटेल अशी, आणि काकांच्याच अक्षरात. बोरूने चार मिनिटांत लिहून दिली. नाव तेवढं बदललं. बाकीचं हाताने आपलं आपण लिहिलं, त्याने त्यात डोकं घातलं नाही. खेळ बाजारात आला तेव्हा शेवटी सरकणाऱ्या नावांत एक ओळ होती: हस्ताक्षर, गेटवरचे काका. बायकोने ती ओळ फोनवर थांबवून शेजारच्या चार घरांत दाखवली.

तिसऱ्या आठवड्यात एक वीसेक वर्षांची मुलगी फाटकाशी आली. बोरूने वही उघडली.

"नाव?"

तिने नाव सांगितलं. आडनाव ऐकून पेन रकान्यातच अडखळलं, पण आडनावं सारखी असतात, असं मनाशी म्हणून त्याने ते पुढे रेटलं.

"कोणाकडे?"

"गेटवरच्या काकांकडे."

तिने पिशवीतून दोन कागद काढून वहीवर शेजारी शेजारी ठेवले. एक जुनी झेरॉक्स, घड्यांवर कापडासारखी मऊ झालेली. दुसरा खेळातल्या पानाचा छापलेला फोटो.

"हा अकरा वर्षांपूर्वीचा, ठाण्याने आईला दिलेला," ती म्हणाली. "मी शाळेची पुस्तकं वाचली नसतील इतक्या वेळा हा वाचलाय. यात लिहिलंय, बाबांना संध्याकाळी पाच वीसला आणलं, पळताना रस्त्यात पडल्यामुळे आधीच अंगभर जखमा होत्या, आणि सहा वाजता दवाखान्यात नेताना ते गेले. आणि हा तुमच्या खेळातला. यात वेळ सकाळची अकरा पाच आहे. अंगावर कुठेही जखम नाही. नाव वेगळं आहे, पण शर्ट तपकिरी, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला, खिशात माप घ्यायचा टेप, एकोणीस इंचावर फाटलेला. माझे बाबा शिंपी होते. तो टेप मीच फाडला होता."

बोरूने दोन्ही कागद जवळ ओढले. घरात कोणी नसताना ज्या दिवसाची आठवण आली की तो उठून नळ चालू करायचा, तो दिवस समोर पसरला होता. सकाळी अकरा पाचला त्याने नोंद केली होती, शिरस्त्याप्रमाणे, खरी. दुपारी तीननंतर साहेब हात पुसत बाहेर आले, वहीतलं ते पान त्यांनी हलकेच फाडलं, खिशात घातलं आणि सफरचंदाची फोड पुढे करून म्हणाले, पुन्हा लिहा. बोरूने पुन्हा लिहिलं, वेळ ते सांगतील ती, जखमा ते सांगतील त्या. अकरा वर्षं त्याची समजूत होती की खरं पान फाडलं तेव्हाच संपलं. हात ते विसरला नव्हता, हे त्याला आत्ता कळत होतं.

"माझं अक्षर नाही हे," तो म्हणाला.

मुलगी वहीकडे बघत राहिली. वहीवर आत्ताच लिहिलेलं तिचं नाव होतं.

"सोमवारी सुनावणी आहे," ती म्हणाली. "वकील म्हणतात, खेळातल्या कागदाला कुणी विचारत नाही. लिहिणाऱ्याने येऊन सांगितलं तरच. नाहीतर प्रकरण कायमचं बंद." आणि जाता जाता थांबून म्हणाली, "खेळात त्या साहेबाला मी चौदा वेळा मारलं. रडू यायचं थांबेपर्यंत मारलं. पण बाहेर बसलेल्या त्या लेखनिकाला काहीच करता येत नाही. त्याला हातच लागत नाही."

ती गेल्यावर बोरूने 'बाहेर'च्या रकान्यात वेळ लिहिली, ती वाकडी, तिरकी, पहिलीतल्या पोराने काढावी तशी. मग त्याच ओळीतलं तिचं नावही खोडलं आणि पुन्हा वाकड्या अक्षरात लिहिलं, कोणी ताडून पाहायला नको म्हणून. त्या दिवसापासून वहीतलं सगळंच वाकडं होऊ लागलं.

माणूस एवढा भित्रा का असतो, असं विचारणं सोपं आहे. बोरूला पेन्शन होती, ती अडकली असती. खोटी नोंद केल्याचा गुन्हा होता, त्यात म्हातारपणी आत जावं लागलं असतं. आणि फाटकावरची ही नोकरीसुद्धा साहेबांनीच दिली होती. निवृत्तीनंतर त्यांनी रखवालदार पुरवण्याची कंपनी काढली होती आणि जुन्या माणसांना ते विसरत नसत. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. आवाज तसाच मऊ.

"कसं चाललंय? केबिनमध्ये ऊन नाही ना येत? मुलगी सासरी बरी आहे ना? तुमचं अक्षर हल्ली फार गाजतंय म्हणे. जपा हं."

बुधवारी चष्मेवाली मुलगी डबा न घेता केबिनच्या दाराशी उभी राहिली. कंपनीला कोणाचं तरी पत्र आलं होतं. वरच्यांनी खेळातलं ते पान काढून टाकलं होतं, आता तिथे टाईप केलेलं पान होतं, आणि ज्यांच्याकडे खेळ होता त्यांच्याकडचंही आपोआप बदललं होतं.

"काका, ते खरं होतं का?"

बोरूने वहीची पानं सारखी करायला घेतली.

"मी तुमच्याबरोबर जेवत होते," ती म्हणाली आणि आत गेली. पुन्हा ती केबिनमध्ये आली नाही.

गुरुवारी बायकोने किराण्याची यादी हातात धरून विचारलं, "अहो, हे काय लिहिलंय? हात थरथरतो का तुमचा? डॉक्टरकडे जायचं का?"

हात थरथरत नव्हता. वाकडं लिहायची सवय घरापर्यंत आली होती. तो खुर्चीत बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं, लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावर, स्वयंपाकघरात, भाजी निवडत बसलेल्या बाईला. ती निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "इतकी वर्षं सांगत आलात, मी कोणावर हात उगारला नाही. मी पण मिरवलं चारचौघांत. तुमच्या हाताने काय केलं ते आज कळलं मला." मग तिने यादी फाडली आणि स्वतःच्या गिचमिड अक्षरात नवी लिहिली. दोन दिवस तिने त्याला जेवायला वाढलं, पण त्याच्याशी बोलली नाही.

शनिवारी सकाळी शिंप्याची मुलगी पुन्हा फाटकाशी आली. या खेपेला पिशवी नव्हती.

"शेवटचं विचारायला आले आहे," ती म्हणाली. "नाही म्हणालात तर परत येणार नाही."

बोरूने वही ओढली. बराच वेळ पेन कागदावर टेकवलं नाही. मग लिहायला सुरुवात केली, आणि अक्षर सरळ आलं, गोल, मोत्यासारखं, गेल्या आठवडाभराच्या वाकड्या ओळींखाली वेगळ्याच माणसाने लिहावं तसं. नाव. कुठून. कोणाकडे, तिथे त्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, जुना हुद्दा आणि पोलिसातला बक्कल नंबर घालून. 'कशासाठी'चा रकाना जेमतेम दोन बोटांचा होता. त्यात बारीक अक्षरात त्याने लिहिलं: वडिलांना सकाळी ११.०५ला आणले, अंगावर जखम नव्हती, नोंद मी केली व नंतर मीच बदलली. खाली सही केली आणि वही तिच्याकडे फिरवली.

"वाचून घ्या. सोमवारी मी येतो. आलो नाही, तरी हे तुमच्याकडे असू दे. फोटो काढा."

तिने फोटो काढला. एकदा वाचलं, परत वाचलं. मग आणखी एक फोटो काढला. आभार वगैरे तिने मानले नाहीत, आणि का मानावेत.

"ते गेले किती वाजता?" तिने विचारलं.

हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. कुठल्याच पानावर ती वेळ नव्हती, फाडलेल्याही नाही.

"दोन चाळीस," तो म्हणाला. "आतला आवाज थांबला तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं."

मुलगी केबिनच्या पायरीवर बसली.

"आई एक वाजता डबा घेऊन आली होती," ती म्हणाली. "टेबलापाशी बसलेल्या माणसाने सांगितलं, असा कोणी इथे नाही. मग ती दुसऱ्या ठाण्यांत शोधत फिरली, संध्याकाळपर्यंत. ती अजून म्हणते, मीच चुकीच्या ठिकाणी गेले. त्या माणसाने मान वर करून बघितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणते. त्याचा चेहरा दिसला असता, तर खोटं बोलतोय का ते तिला कळलं असतं."

बोरूने मान वर केली. मुलगी त्याच्याकडे बघत होती, आणि तिने नजर काढून घेतली नाही, त्यालाही काढता आली नाही.

"तेही लिहा," ती म्हणाली.

रकान्यात जागा उरली नव्हती. बोरूने पान उलटलं, वर तारीख घातली आणि आईचं नाव विचारलं.