हाताला जड लागणारा कॉम्प्युटर

इंग्लंडमधल्या आमच्या हॅलिफॅक्समध्ये सगळे गिरणीतले लोक. वस्तू आधी हातात घेऊन तोलायची, मगच पैसे काढायचे. मॉड ग्रीनवूडबाईंच्या रेडिओ-टीव्हीच्या दुकानात मी काउंटरवर होते. त्र्याऐंशीच्या नाताळात तिथे घरगुती कॉम्प्युटर आले, तेव्हाही लोकांनी हेच केलं. एका कंपनीचं यंत्र पावाच्या तुकड्यासारखं हलकं, रबरी बटणांचं. दुसरं, ‘पेनाइन’, विटेसारखं जड. कुठलं सरस, असं विचारलं की बाई म्हणायच्या, हातात घेऊन बघा. निम्म्या गल्लीनं पेनाइन नेलं.

पुढच्या वर्षी कंपन्यांनी एकमेकींच्या नाकावर टिच्चून किमती पाडल्या आणि त्यात पेनाइन बुडाली. नवे खेळ कॅसेटवर यायचे, ते सगळे रबरी बटणांच्या यंत्रासाठी. त्यांच्या कॅसेटी पेनाइनवर चालेनात. लोक यंत्रं काखेत मारून दुकानात यायला लागले. म्हातारा विणकर अर्नी होल्डस्वर्थ तर म्हणाला, “मॉड, हे घे. दार अडवायला ठेव.”

त्याचं यंत्र बंदही पडलं होतं. बाईंनी उघडलं. तळाशी एक लोखंडी पट्टी होती, एकाही तारेला न जोडलेली. नुसतं वजन.

बाईंनी आधी चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाल्या, “लबाडी कंपनीची. पण ‘हातात घेऊन बघा’ कोण म्हणत होतं?”

आठवड्याभरात रबरी बटणांच्या कंपनीचा कीथ आला. दुकानाची अख्खी दर्शनी काच सजवून देतो, गावात नवा माल पहिल्यांदा तुमच्याकडे, म्हणाला. अट एकच, दारावरची ‘पेनाइन दुरुस्त करून मिळेल’ ही पाटी आणि दुरुस्ती दोन्ही बंद. नाहीतर माल चौकातल्या मोठ्या दुकानात जाणार. तसं झालं तर आमचा नाताळ कोरडा, हे मलाही कळत होतं.

“मेलेल्या कंपनीचं सुतक किती दिवस धरणार, मावशी?”

“कंपनी गेली खड्ड्यात. ही माणसं मला रोज खाटकाच्या रांगेत भेटतात. पाटी राहील.”

कीथ टोपी घालून निघून गेला.

त्या शनिवारपासून दुकानाच्या मागच्या खोलीत काम सुरू झालं. मासिकांत छापून येणारे दुसऱ्या यंत्राच्या खेळांचे प्रोग्रॅम पेनाइनवर चालावेत म्हणून बाई पेन्सिलीनं बदलायच्या, अर्नी ओळ ओळ मोठ्यानं वाचायचा, त्या टाइप करायच्या. पहिल्या खेळातला चेंडू भिंतीला चिकटला तो सुटेचना. अर्नी म्हणाला, हा माझ्या मेव्हण्यासारखा आहे, एकदा टेकला की टेकला. बाई हसल्या नाहीत. परत पहिल्या ओळीपासून सुरू केलं. तिसऱ्या शनिवारी चेंडू उडाला. त्याची कॅसेट प्रत्येक पेनाइनवाल्याला फुकट दिली, आणि बाईंनी पुढचं मासिक उघडलं.

नाताळात गर्दी चौकात झाली. आमच्या गल्ल्यात खडखडाट, पण मागच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पाठीत दार आपटायला लागलं, तेव्हा अर्नीनं आपल्या यंत्रातली ती लोखंडी पट्टी आणून दार अडवायला ठेवली.