चिंचेखालचं इंग्रजी

इंग्रजी भाषेचं पावित्र्य एके काळी खालापूरच्या कचेरीसमोर, चिंचेखाली राखलं जाई. तिथे टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या अर्जलेखकाचं नाव मी कधी विचारलं नाही. ‘लेंड’ म्हणजे उसनं देणं आणि ‘बॉरो’ म्हणजे उसनं घेणं, हे तो हातांवर ताडून बघे. देताना उजवा हात पुढे, घेताना डावा छातीशी, आणि मगच कळ दाबायची.

एकदा पावसाने ओढ दिली होती. एका बाईंची भातरोपं वाळत चालली होती आणि त्यांना सरकारी पंप चार दिवस हवा होता. अर्ज झाला. साहेबांची जीप निघायच्या बेतात होती. तेवढ्यात याने हात हलवून बघितले आणि कागद फाडला.

“अरं, काय केलंस रं? चांगला होता की!”

“मावशी, तुमीच सरकारला पंप देताय असं झालेलं.”

“मग होऊ दे! रोपं काय थांबनार हायत?”

“चुकीचा अर्ज माझ्या हातून जायचा नाय.”

त्याने सगळं पुन्हा टाइप केलं. दुसऱ्याच्या म्हणण्याची इतकी काळजी घेणारा माणूस मला त्या कचेरीच्या आवारात दुसरा दिसला नाही.

बाई धावत जीपपाशी पोचल्या. साहेबांनी कागद हातात घेऊन विचारलं, “काय पाहिजे?”

“पंप.”

त्यांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर मराठीत लिहिलं, ‘द्यावा’.