प्लगिनची चार्ज यादी

मी फावल्या वेळात ज्या लॉगिंग लायब्ररीवर, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडवर, काम करते, तिचं काम साधं आहे: प्रोग्राम चालताना काय झालं, कुठे अडलं, याची नोंद ठेवणं. ती खुली आणि फुकट आहे, त्यामुळे तिला मालक नाहीत, सांभाळणारे आहेत. या मंडळींनी ठरवलं की प्लगिन, म्हणजे लायब्ररीला वरून जोडायचे, नसले तरी अडत नाही असे छोटे तुकडे, आता दुसऱ्यांकडे सोपवायचे. माझ्याकडे एक होता, मोठी चूक झाली की ईमेल पाठवणारा. परदेशातला एक माणूस तो घ्यायला तयार झाला. सगळं लिहूनच होणार होतं, कोणाशी बोलावं लागणार नव्हतं. मी खूश होते.

मग जेवताना मी हे घरी सांगून बसले. पप्पा भोकरदनला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्ती फक्त कागदावर झाली.

"म्हणजे चार्ज देऊन राह्यली तू," ते म्हणाले. "मंग चार्ज यादी कुठंय?"

"तसं नसतं, पप्पा. कोड ऑनलाइन असतो. बघेल तो."

"बघेल तो! असंच म्हणून एक साहेब गेल्ता. नव्या साहेबानं कपाट उघडलं, तर आत दुसरं कुलूप. काय मोडकं हाय ते आधी लिहायचं. चांगलं त्याला दिसतंच."

"तिचं काय मोडकं असणार?" आई म्हणाली. आईचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे, कारण मी काय करते हे तिने कधी विचारलेलं नाही.

मी भाकरी मोडत राहिले. मोडकं होतं. ईमेल गेला नाही, तर माझा प्लगिन ते कुठेच लिहीत नसे. नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत स्वतःचं अपयश लपवणारा तो एकटाच. मला वर्षभर हे माहीत होतं आणि मीही ते कुठे नोंदवलं नव्हतं. सांगितलं, तर तो माणूस नको म्हणेल आणि प्लगिन माझ्याच गळ्यात राहील. नाही सांगितलं, तर एक दिवस तो चारचौघांत, म्हणजे अख्ख्या जगासमोर, मला विचारेल.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी फुलस्केप आणून ठेवले. "मराठीत लिही."

"त्याला मराठी येत नाही."

"मंग इंग्लिश शाळेत घातलं ते बराबर झालं."

यादी लिहिली. पहिल्या दोन खर्ड्यांत दोषापेक्षा माफीच जास्त होती, ते फाडले. तिसरा टाइप करून पाठवला. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी यादीखाली अंगठ्याचं एक छोटं चित्र उमटलं. बस, तेवढंच.

"पोच आली का?" पप्पांनी विचारलं. मी स्क्रीन दाखवली.

त्यांनी चष्मा वर केला. "एवढा शिकलेला माणूस अन् अंगठा लावून राह्यला?"

"म्हणजे मान्य आहे, पप्पा."

"दोषासकट?"

"दोषासकट."

"मंग बिलकुल चालतो. फक्त साक्षीदार लागतो." त्यांनी आईला हाक मारली. ती हात पुसत आली, आणि तिच्यादेखत मी त्या प्लगिनवरचा माझा अधिकार काढून टाकला.