बाईंनी सोडलेला चहा

आदरणीय मार्थाबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी लिहावे, असा आमच्या ख्रिस्ती मंडळीतील वडीलधाऱ्यांचा आग्रह पडला. मी तीन वेळा नाही म्हटले. शाळा, वसतिगृह, बाईंच्या हाताखालून गेलेल्या मुली यांविषयी इतरांनी लिहिलेच आहे, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले. शिवाय खरे सांगायचे तर मी थकले आहे. दिवसभर दवाखान्याच्या चुलीपुढे काढल्यावर संध्याकाळी लेखणी धरायला बोटे राजी नसतात. शेवटी बाईंनीच बोलावून घेतले आणि म्हणाल्या, "गुणगान नको गाऊ माझं, कुंदा. ते बाकीचे गाऊन राह्यले. माझी चूक लिहिशील तर मी चष्मा लावून वाचीन." तेव्हा त्यांच्या चुकीविषयीच लिहिते. थोरांच्या चुका लिहिण्याची रीत गौरवग्रंथांत नसते, हे मला ठाऊक आहे.

बाईंची आणि माझी पहिली भेट वडशाच्या आमच्या छोट्या मिशन दवाखान्याच्या ओसरीवर झाली. मी तिथे घोंगडीवर पडले होते. त्याआधी चार हंगाम मी एका नाटक कंपनीत गात होते. आमच्या झाडीपट्टीत हिवाळाभर गावोगाव नाटके होतात, लोक बैलगाड्या जुंपून येतात. माझे वडील तर नाटकाचे मोठे षौकीन, पहिल्या रांगेत बसणारे. पण त्यात काम करणाऱ्या बाया येत त्या बाहेरगावच्या. आपल्या घरची पोरगी तिथे उभी राहून गाते, हे त्यांना सोसणारे नव्हते. विसाव्या वर्षी मी घर सोडले आणि वडिलांनी त्याच दिवशी माझ्या नावाने आंघोळ केली. पुढे चौथ्या हंगामात टायफॉईड झाला आणि आवाज बसला तो बसलाच. गाणारी बाई गाईना म्हटल्यावर कंपनीवाल्यांनी मला या ओसरीवर आणून ठेवले आणि ते पुढच्या गावी निघून गेले. त्यांचाही दोष नाही, त्यांची पुढची तारीख ठरलेली होती.

बाई तेव्हा शेजारच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटल्यावर रोज दवाखान्यात एक फेरी मारीत. माझ्यापाशी थांबून त्यांनी विचारले, "घर कुठी आहे तुझं?"

"घर नाई."

"बरं. भूक आहे का?"

भूक होती. बाईंनी घराविषयी पुढे काही विचारले नाही. बरी झाल्यावर त्यांनी मला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लावून घेतले. नाटकातली बाई मुलींच्या वसतिगृहात नको, असे मंडळीतील काहीजणांचे म्हणणे पडले. बाईंनी त्या सर्वांना एकदा जेवायला बोलावले. जेवणाला नाव ठेवता येईना, त्यामुळे पुढे तो विषय निघाला नाही.

बाईंच्या भक्तीविषयी मी काय लिहावे? संध्याकाळच्या प्रार्थनेत त्या पुष्कळदा खुर्चीतच डुलक्या घेत. पहाटेपासून पायांवर असलेले माणूस दुसरे काय करणार? सगळ्यांनी "आमेन" म्हटले की दचकून जाग्या होत आणि सगळ्यांत मोठ्याने "आमेन" म्हणत. मुली तोंडाला पदर लावून हसायच्या. पण झोपेतही त्यांचे लक्ष असावे. देवाला बाप म्हणून हाक मारण्याची वेळ आली की माझे तोंड बंद होई, हे त्यांच्याच ध्यानात आले. एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "तो शब्द तुले जड जाते ना? नको म्हणू. तुह्या वाटचा मी म्हणत जाईन." मला त्यांनी उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो शब्द त्या दोनदा म्हणू लागल्या. मी शेजारीच बसत असे, म्हणून मला ऐकू येई.

आता ती चूक.

दिवाळीनंतर आमच्याकडे प्रत्येक गावाची मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. घरोघर लेकी-जावई, सोयरे येतात, भज्या-वड्यांच्या कढया चढतात आणि त्या दिवशी दारी आलेल्या कोणालाही घोटभर चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाहीत. बाईंनी याच दिवसाचा विचार केला. मंडईच्या दिवशी कोणी पाहुण्याला परत पाठवत नाही, मग बाप लेकीला कसा पाठवील? मला म्हणाल्या, "चाल, मी आहे ना सोबत." मी चार दिवस आधीपासून जेवले नाही. शेवटी एस.टी.ने फाट्यापर्यंत गेलो आणि तिथून धानाच्या बांध्यांवरून चालत गावात शिरलो.

अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. तीन जावई, मामा, मोठ्या भावाचे सासरे, सगळे बसलेले. वडील उठून पुढे आले. त्यांनी बाईंना हात जोडले.

"या बाई, या. मंडईच्या पाहुण्या तुमी. बसा, च्या घ्या."

"भाऊ, तुमच्या लेकीले घेऊन आली मी," बाई म्हणाल्या.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "माई पोरगी तं चार साल झाले मेली. या सगळ्यायले माहीत आहे, इचारा. तुमी बसा."

सगळे सोयरे खाली पाहत होते. माणसांनी भरलेल्या त्या अंगणात त्यांना दुसरे काही बोलता येणे शक्यच नव्हते. एखाद्या साध्या मंगळवारी, घरात कोणी नसताना गेलो असतो, तर कदाचित त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, आणि मग रडले असते. हे आम्हा दोघींना फार उशिरा सुचले.

आणि बाई बसल्या. थोडे बोलता येईल, मन वळवता येईल, अशी त्यांची आशा. वहिनीने कपबशी आणून दिली. नाही म्हटले तर घरधन्याचा अपमान होतो, म्हणून बाई चहा प्यायल्या. मी कुडाच्या कुंपणाबाहेर उन्हात उभी होते आणि बशीवर कप ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. बापाने दार बंद केले ते मी कसेबसे सोसले असते. बाई आत बसून चहा पीत आहेत, हे मला सोसले नाही.

परतीच्या वाटेवर मी बाईंच्या पुढे पुढे चालत राहिले. वसतिगृहात आल्यावर प्रार्थनेला जाणे सोडले. त्या काळातला थकवा मला अजून आठवतो. भात रांधायचा, भांडी घासायची, निजायचे, आणि पुन्हा उठायचे ते कशासाठी हे माहीत नाही.

आठवड्याने बाई स्वयंपाकघरात आल्या आणि चुलीशेजारी जमिनीवर बसल्या. गुडघे धरून बसायला त्यांना किती वेळ लागला ते मी पाहिले, पण पाट दिला नाही.

"कुंदा, मी चुकली. दिवस चुकीचा निवडला, ते एक. पण तू बाहेर उभी असताना मी त्या घरचा चहा घेतला, ते मोठं. मले माफ कर."

मी म्हटले, "नाई करत."

"बरं," त्या म्हणाल्या. "उद्या येतो."

खरोखरच त्या दुसऱ्या दिवशी आल्या. तिसऱ्याही दिवशी आल्या. रोज तेच वाक्य, रोज माझे तेच उत्तर. मधे एकदा बसल्या बसल्या म्हणाल्या, "प्रभूलेही त्याच्या गावच्या लोकायनं गावाबाहेर काढलं होतं. तो वेशीपाशी बसून नाई राह्यला. पुढच्या गावी गेला, अन् तिथी लोकायले बरं केलं. त्याले दुखलं नसन का? दुखलंच असन." एवढे बोलून त्या मला तांदूळ निवडू लागल्या.

माझ्याकडे आजवर कोणी क्षमा मागितली नव्हती. बापाने नाही, भावाने नाही, कंपनीवाल्यांनी नाही. मीच सगळ्यांची अपराधी. आता एक मुख्याध्यापिका माझ्या चुलीपुढे रोज येऊन बसत होती आणि द्यायचे की नाही हे माझ्या हाती होते. माणूस रागवूनही थकते. एक दिवस मी म्हटले, "झालं, बाई. केली माफ. उठा आता, धूर लागून राह्यला." बाई रडल्या, मीही रडले. त्या दिवशी बाईंना क्षमा करताना वडिलांवरचा रागही हातातून थोडा सुटला, तो पुढे कधी पूर्वीसारखा घट्ट धरता आला नाही. त्या संध्याकाळी प्रार्थनेत माझ्या वाटचा शब्द मीच म्हटला. बाई जाग्या होत्या. वर्षभराने मी स्वतःहून बाप्तिस्मा मागितला.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की बाईंना पित्ताचा त्रास आहे, म्हणून त्या कोणाकडे चहा घेत नाहीत. पित्तबित्त काही नाही. त्या मंडईपासून त्यांनी चहाच सोडला आहे. मी कितीदा विनवले, पण त्या बाबतीत त्या माझे ऐकत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाने वडिलांना आमच्याच दवाखान्यात आणले. मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, त्यात हिवताप. दवाखान्याचा स्वयंपाक आता माझ्याकडे असतो, म्हणून मीच पेज घेऊन गेले. भावाने मला ओळखले, मान खाली घातली आणि तो बाहेर निघून गेला. वडिलांनी विचारले, "कोन आहे?" माझा बसलेला आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. मी म्हटले, "सैपाकीण." त्यांनी तोंड उघडले आणि मी चमच्याने भरवू लागले. बाई काठी टेकत आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओसरीवर ओढून हळूच विचारले, "सांगू का त्याले, कोन भरवून राह्यलं ते?"

मी म्हटले, "नको, बाई. जेवू द्या त्यायले."

सहा दिवस ते माझ्या हातचे जेवले. जाताना म्हणाले, "मीठ बरोबर राह्यते तुह्यं." घरचे बोलावणे मला आलेले नाही. मी वाट पाहत नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पण आता मला झोप लागते, आणि जेवण जाते.

बाईंनी शंभर वर्षे जगावे असे लिहिण्याचा प्रघात आहे. त्यांचे सुजलेले पाय मी रोज शेकते, त्यामुळे शंभर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. देवाने त्यांना द्यायची तेवढी वर्षे द्यावीत, पण ती बिनदुखीची द्यावीत, डोळे शाबूत ठेवावेत आणि प्रार्थनेतली त्यांची झोप गाढ ठेवावी. हे मागणे निव्वळ त्यांच्यासाठी आहे असे मी म्हणणार नाही. मी एकदा बाप जिवंत असताना पोरकी झाले आहे. पुन्हा पोरके होण्याचे बळ माझ्यात नाही, हे देवाला माहीत असावे.