तटातली शेजारणीची वाट

जगातला सगळ्यात बळकट किल्ला बांधायचं काम माझ्या आतेभावाकडे दिलं, तर तो शत्रूच्या हाती पडलाच म्हणून समजा. हा गृहस्थ रत्नागिरीला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी व्हिडिओ गेममधली चित्रं काढायचा. तट, बुरूज, गल्ल्या, देवळं. गोष्ट बर्फाळ मुलुखातली असो की वाळवंटातली, याच्या भिंती जांभ्याच्याच आणि त्यांवर शेवाळ हटकून. वाळवंटात शेवाळ कुठून आलं, असं विचारलं तर म्हणाला, "भिंत म्हटली की शेवाळ आलंच. तू आपला खेळ." स्वतः त्याला मात्र कधी खेळताच आलं नाही. तलवार घेऊन कोणी अंगावर धावून येत असताना हा शेजारच्या कमानीचे चिरे कसे बसवलेत ते बघत उभा राहायचा आणि दर वेळी तिथेच मरायचा.

त्याचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे प्रत्येक तटात एके ठिकाणी चिरे खाली उतरवलेले असत, बाईमाणसाला कळशी घेऊन सहज ओलांडता येईल इतके. त्यांच्या घरामागच्या परड्याच्या गडग्यात, म्हणजे दगडावर दगड रचून घातलेल्या कुंपणात, अशीच जागा आहे. शेजारच्या काकींची विहीर उन्हाळ्यात आटायची, त्यांना यांच्या विहिरीवर येता यावं म्हणून आतोबांनी, त्याच्या वडिलांनी, ती आपल्या हातांनी करून दिली होती. आतोबा गेले, वाट राहिली. कंपनीचे साहेब फोनवर डोकं धरून बसत, कारण खेळणारी पोरं अर्धी लढाई टाळून तिथूनच आत शिरत. हा शांतपणे सांगायचा, "किल्ल्यात विहीर आहे ना? मग शेजारच्यांनी पाणी न्यायचं कुठून?" आणि आतल्या बाजूला, झाडाखाली, विहीर खरंच काढलेली असे, रहाटासकट.

मग कंपनीने एआय आणलं. याची सगळी चित्रं त्याला आधीच शिकवून झाली होती. आता चित्रं यंत्र काढणार, याने फक्त त्यातल्या चुका दुरुस्त करायच्या, पगार तोच. त्याने हो म्हणावं असं मला वाटत होतं आणि मी तसं स्पष्ट सांगितलंही. घरात म्हातारी आई, लेकीचं शिक्षण. शिवाय एआय काही वाईटच नाही, एकट्याने गेम बनवणाऱ्या पोरांना चित्रकार कुठला परवडतो? "त्यांनी खुशाल वापरावं रे," तो म्हणाला, "पण दुसऱ्याने काढलेल्या माझ्याच चित्रावर मी हात फिरवत बसू?" त्याने नोकरी सोडली. हल्ली तो शाळांच्या भिंतींवर फळं आणि प्राणी रंगवतो. आंबे सुरेख काढतो, पण माझा जीव त्याच्यासाठी तुटतो.

परवा कंपनीचा नवा गेम आला, चित्रं सगळी यंत्राची. मीच तो आतेभावाच्या घरी, मागच्या पडवीत लॅपटॉपवर लावून दिला. तट दिसला आणि आम्ही दोघं पुढे वाकलो. जांभा तोच, शेवाळ तेच, आणि कोपऱ्यात चिरे खाली उतरलेले. चित्र देखणं होतं, खोटं कशाला बोलू? त्याने आपला शिपाई हळूहळू तिथवर नेला, वाट ओलांडली. पलीकडे नुसतं गवत. त्याने झाडाखाली पाहिलं, तटाला आतून वळसा घातला. मागून येऊन कोणी मारलं, तरी पुन्हा शोधायला गेला.

"विहीर नाही रे," शेवटी म्हणाला. "बाबांची वाट तेवढी काढलीन. ती कशासाठी, ते त्याला कोण सांगणार?"

तिथूनच त्याने कंपनीला फोन लावला. एक विहीर फुकट काढून देतो, तेवढी घाला, म्हणाला. ते अदबीने म्हणाले की गेम बाजारात गेलाय आणि कोणाचीच तक्रार नाही.

फोन ठेवतोय तोच गडग्यावरून काकी आल्या. घरी नळ येऊन वर्षं झाली, तरी चहाला त्यांना इथलंच पाणी लागतं.

"अरे, अजून त्या पेटीतच डोकं? तोंड का उतरलंय?"

"काही नाही गो काकी. थांब, मी ओढतो," म्हणत त्याने लॅपटॉप मिटला आणि त्यांच्या हातातली कळशी घेतली. रहाट कुरकुरत राहिला. मी पडवीत बसून ऐकत होतो आणि मला फार वाटत होतं, याने पुन्हा एक तरी किल्ला काढावा.