पाहुण्यांच्या पाण्यावरची भेदरं

आज टमाट्याच्या रोपाला काठी बांधली आणि पाल्याचा तो उग्र, हिरवा वास बोटांना चिकटला. मी थेट मंठ्याजवळच्या माहेरच्या अंगणात जाऊन पोचले.

दुष्काळातला वैशाख होता. विहिरीनं तळ गाठला होता, पण कुंपणाशी आपोआप उगवलेली भेदरं, म्हणजे बोराएवढे रानटी टमाटे, लालबुंद लगडली होती. कारण येईल त्या पाहुण्याला आई तिथंच पाय धुवायला लावायची. मला बघायला आलेल्या पोरालाही तिनं तिकडंच धाडलं. त्यानं पाय धुतले, हळूच एक भेदरं तोंडात टाकलं, आणि रसाची पिचकारी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर उडाली. दाराआड मी खळखळून हसले. जमत आलेलं मोडलं असं वाटून आईचा चेहराच उतरला.

बैठकीत त्याचा मामा म्हणाला, "पोरीला काही इचारायचं का?"

"एवढ्या उन्हात ही भेदरं जळत कशी न्हाईत?" पोरानं मला विचारलं.

"पाहुणे येत राह्यले की न्हाई जळत," मी म्हणाले.

आता मोरीत नळ आहे. तरी हे बाहेरून आले की रोपांपाशीच पाय धुतात आणि तिथूनच ओरडतात, "पाहुणे आलेत हो!"